जसं ऐकलं तसं

अविनाशच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी नुकताच शाळेतून परतलो होतो. "काका, बाबा दुपारी गेले," एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर क्षणभर सुटल्यासारखं वाटलं... आता विचारणारं कुणी उरलं नाही. हे छापून येऊ नये असं वाटतं, तरी लिहितो आहे. कारण दीड महिना झाला, ते सुटणं काही टिकलेलं नाही.

आमची ओळख उल्हासनगरच्या कॉलेजातली. तो कुळगावच्या वकिलांचा मुलगा, मी अंबरनाथच्या बुवापाड्यातला. माझे वडील कारखान्यात बॉयलरवर होते. दोघांनीही मराठी घेतलं. मी शाळामास्तर झालो, तो कॉलेजात शिकवायला लागला आणि प्रबंधासाठी म्हणून भलामोठा टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या पाड्यात घरोघर फिरू लागला. भाषेचा साचा मांडून बसणाऱ्या पुस्तकांवर त्याचा भारी राग. "भाषा म्हणजे लागलेलं दही नव्हे, मिल्या. दूध नेमकं कधी दही झालं, सांगता येतं का कुणाला? मला ते विरजताना बघायचंय." माझी आई स्टोव्हपाशी बसून ऐकत होती. "मंग मास्तर, तुमी उपाशीच ऱ्हानार की!" ती म्हणाली, आणि तो इतका हसला की शेजारीण डोकावून गेली.

विरजताना बघायचं म्हणजे त्याच घरांत, त्याच माणसांशी, काही वर्षांनी पुन्हा बोलायचं. त्याने एक शब्द धरला होता, ‘पाणी’: कोण ‘ण’ म्हणतं, कोण ‘न’. तो शब्द स्वतः कधी उच्चारायचा नाही. विचारायचा, "लहानपणी तहान लागली की काय करायचात?" मग समोरच्याच्या तोंडून तो आपसूक यायचा. आई सांगू लागली, "हिरीवर जायाचं. पर आपुन कुटं शिवायचं! वंजळ धरून हुबं ऱ्हायाचं. वरनं कुनी वतलं तर पानी, न्हाईतर माघारी." टेप तशीच फिरत राहिली...

पहिली फेरी संपली आणि त्याला कावीळ झाली. टेप ऐकून कागदावर उतरवायचं काम मी मागून घेतलं. माझं अक्षर चांगलं. आईच्या कॅसेटपाशी हात थांबला. पाचवीत असताना गुरुजींनी मला बाकावर उभं करून ‘पाणी, लोणी, कोण’ पुन्हापुन्हा म्हणायला लावलं होतं आणि वर्ग खिदळत होता. आता हे कागद अविनाशचे मुंबईतले मार्गदर्शक सर वाचणार. मी ‘पाणी’ लिहिलं. एकट्या आईचं बदललं तर उघडं पडलं असतं, म्हणून मग सगळ्यांचंच बदललं. तो बरा झाल्यावर सांगितलं, "झाल्या उतरवून. पुसल्यास तरी चालेल." कॅसेटी महाग होत्या. तो त्याच पुन्हा वापरणार, हे मला ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दुसरी फेरी झाली. तोवर आई माझ्याकडे अंबरनाथ पश्चिमेला राहायला आली होती. सुनेला हाक मारून ‘पाणी’ मागायची आणि मावशी भेटायला आली की ‘पानी’. एकाच दुपारी, एकाच तोंडातून दोन्ही! अविनाश हरखून गेला. "हेच रे, हेच बघायचं होतं!" ही फेरी त्याने स्वतः उतरवली. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले तर दिसलं ते भलतंच. बुवापाड्यातली माणसं आधी ‘पाणी’ म्हणत होती आणि आता कुठे ‘पानी’ म्हणायला लागली होती. सरांनी हसून सगळे कागद परत पाठवले. "यांची भाषा उलटी चालली की काय?"

तो माझ्याकडे आला. आई आत कणीक मळत होती. आवाज खाली आणून म्हणाला, "मिल्या, उतरवताना काही सुधारलंस का रे? रागावणार नाही." तेव्हा हो म्हटलं असतं तर आम्ही दोघांनी बसून निदान काहीतरी वाचवलं असतं. मी म्हणालो, "जसं ऐकलं तसं लिहिलं." त्याने मान हलवली. प्रबंधाचा विषय पुन्हा काढला नाही. पुढे कागद रद्दीत गेले, कॅसेटींवर मुलीने गाणी भरून घेतली, त्याने अडवलं नाही. मग आई गेली. तिचा आवाज कुठेच राहिला नाही... आणि ही व्यवस्था मीच केली होती.

शेवटचा भेटलो ते कुळगावला, त्याच्या घरी. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या. मुलगी औषध आणायला गेली होती. तो म्हणाला, "तहान लागलीय रे. मी घरी आलो की तुझी आई काय विचारायची मला?"

त्याचा प्रश्न विचारायचा ढंग मला माहीत होता. तो शब्द माझ्या तोंडून यायची वाट बघत होता. ‘मास्तर, पानी घेता का?’ एवढंच म्हणायचं होतं. त्यात सगळं आलं असतं.

मी म्हणालो, "पाणी देऊ?"

त्याने डोळे मिटले. "दे," म्हणाला.

आईचा पितळी तांब्या अजून माझ्या ओट्यावर असतो. हल्ली घरात कुणी नसलं की तो भरतो आणि तिच्यासारखं म्हणून बघतो. पानी. म्हणता येतं... पण नक्कल केल्यासारखं येतं.