हिचा स्वेटर

न्यूझीलंडच्या उत्तरेकडचा तो डोंगर हिला चढायचा होता. ही वारली, मग मी एकटाच गेलो. मुक्कामाच्या झोपडीत पोचलो तेव्हा पावसाने चिंब होतो, दात वाजत होते. आत एक गोरी म्हातारी पुढच्या वाटसरूसाठी लाकडं फोडून ठेवत होती.

"कोरडं काहीतरी घाल, मरशील!" ती खेकसली.

सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला हिचा स्वेटर होता. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "हा नाही घालणार. बायको गेली. तिचा वास आहे याला."

म्हातारीने कुऱ्हाड ठेवली आणि स्वतःच पिशवीची गाठ सोडली.

"वास जायचाच. माझ्या नवऱ्याच्या कोटाचाही गेला. तू तरी राहा."

मी स्वेटर घातला. बाह्या कोपराखालीच संपल्या. ती हसली नाही. शेगडीत लाकूड सारलं.

आता त्याला धुराचा वास येतो. तरी धूत नाही.