डाळीऐवजी आवाज

दर श्रावणात अंबिकाबाईंच्या घरून अंध मुलींच्या वसतिगृहाला तूरडाळीचं पोतं जायचं. सासऱ्यांपासूनची रीत. अन् डाळ तरी कशी? बाई चष्मा लावून, परात मांडीवर घेऊन स्वतः निवडायच्या. मुलींच्या दाताखाली खडा आला तर घराण्याचं नाक कापलं जाईल, असा त्यांचा खाक्या. पण लातुरात मॉल झाले, यजमान वीरेशअप्पांवर किराणा दुकानात माश्या मारत बसायची पाळी आली, अन् यंदाचा श्रावण पोत्याशिवायच गेला.

बाई तोंड चुकवायला लागल्या. वसतिगृहाच्या सौदामिनी मॅडम बाजारात दिसल्या की या शिरल्याच पलीकडच्या बोळात. एकदा मॅडमनी गाठलंच.

"अहो, डाळ नसली तर नसली. आवाज द्या की! मुलींची पुस्तकं मोबाइलवर वाचून पाठवायची. खर्च काहीच नाही."

अंबिकाबाई हरखल्या. बाई बारावी झालेल्या, आवाज खणखणीत. रुद्राणी नावाच्या मुलीचे बी.ए.च्या पहिल्या वर्षाचे भूगोल अन् इतिहास त्यांच्या वाट्याला आले. पोरगी देगलूरकडची, हुशार, पण बापाने बजावून ठेवलेलं, "एक जरी विषय ऱ्हायला तर बोचकं उचलायचं अन् गावाकडं यायचं. मग शिक्षणाचं नाव काढायचं न्हाई."

आता फुकटच्या दानाला कोण निवडत बसतं हो? डाळीतला खडा शोधणाऱ्या याच बाई, पण पुस्तक स्वयंपाकाच्या ओट्यावर उघडं, मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवलेला, एक हात वरणात, दुसरा पानावर. कुकरची शिट्टी झाली की थांबायचं, मग पुढे सुरू. रुद्राणीने मात्र तो आवाज अक्षरन् अक्षर पाठ केला, मधल्या शिट्ट्यांसकट. मॅडमना म्हणायची, "काकू वाचतात तेव्हा घरी असल्यावाणी वाटतंय."

परीक्षेच्या तोंडावर मॅडमचा फोन आला. रुद्राणीचा पेपर लिहून देणारी मुलगी तापाने पडली होती. "रुद्राणी सांगेल ते लिहायचं, बस्स. बारावी झालेलं माणूस नियमात बसतं. याल का?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. "येते की!" म्हणाल्या बाई.

अशा मुलींसाठी कॉलेजात वेगळी खोली होती. पर्यवेक्षक व्यंकटराव अगदी शेजारीच खुर्ची टाकून बसले. "ती सांगेल तेवढंच लिहायचं बाई. एक शब्द सुचवलात तर कॉपी धरीन. मुलीचं वर्ष जाईल, ध्यानात ठेवा."

सुरुवात झकास झाली. मग आला प्रश्न जांभ्या मृदेचा. रुद्राणी खुलली. "लिहा काकू. जांभी मृदा नद्यांनी वाहून आणलेल्या गाळापासून तयार होते. ती गंगेच्या खोऱ्यात आढळते. गहू आणि ऊस..."

बाईंचा हात लिहीत गेला अन् मध्येच अडला. भाचीच्या लग्नाला त्या रत्नागिरीला गेल्या होत्या. जिकडं बघावं तिकडं लालभडक जांभा दगड. तिथं गंगा कुठून आली? पण हे वाक्य त्यांनी ऐकलेलं होतं. ऐकलेलं कसलं, त्यांनी स्वतःच वाचलेलं!

पुढचा प्रश्न गाळाच्या मृदेचा होता. रुद्राणीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे आपल्या पुस्तकात हाय का? मला तर... जाऊ द्या. मीच विसरले वाटतं. सोडा."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. फोडणीच्या तेलकट बोटांनी त्यांनी दोन पानं एकदम उलटली होती. जांभ्या मातीचं नाव अलीकडच्या पानावर राहिलं अन् त्याखाली त्यांनी वाचलं ते गाळाच्या मातीचं वर्णन. पोरीने विश्वासाने तेच पाठ केलं होतं.

बोलावं तर पेपर जातो. गप्प बसावं तर पोरगी बुडते. उत्तर तर हाताशीच होतं. जांभ्याखाली लिहिलेलं इथं उतरवलं की झालं. पोरीला दिसणार नव्हतं. व्यंकटराव खिडकीकडं बघत होते. बाईंनी देवाचं नाव घेतलं अन् लिहिलं, 'नद्यांनी'.

"काकू, काय लिहून राहिल्या?" रुद्राणीचे कान टवकारले. "मी तर काहीच सांगितलं न्हाई."

व्यंकटरावांनी मान वळवली. "न्हाई गं, पेन चालतो का बघत होते," म्हणत बाईंनी तो शब्द खोडला. उरलेला पेपर त्यांनी कसा लिहिला ते त्यांचं त्यांनाच माहीत.

बाहेर पायऱ्यांवर रुद्राणीने त्यांचा हात धरला. "माझंच डोकं फुटकं, काकू. तुम्ही एवढं झकास वाचलं अन् मी आख्खी मातीच विसरले. आता परवा इतिहास. तुमचाच आवाज ऐकत बसणार बघा."

इतिहास! तोही त्याच ओट्यावर, त्याच बोटांनी वाचलेला. खरं सांगावं तर पोरीचा धीर सुटणार, न सांगावं तर परवा पुन्हा हेच. बाईंना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. "तू न्हाई विसरलीस बाळा," त्या म्हणाल्या. "मी वाचलंच न्हाई." अन् मग ओटा, वरण, तेलकट बोटं, सगळं सांगून टाकलं.

रुद्राणीने हात काढून घेतला. "तुम्हाला ते फुकटचं होतं, काकू. मला न्हाई ना. भूगोल गेला तर बापाला काय सांगू मी?"

वसतिगृहाला परत द्यायचं इतिहासाचं पुस्तक बाईंच्या पिशवीत होतं, ते त्यांनी काढलं. पानांची सळसळ ऐकून रुद्राणीने विचारलं, "इतिहासाचं हाय का? द्या इकडं. पानं मी उलटते. तुम्ही वाचा."

बाई वाचू लागल्या. पान संपलं की रुद्राणी पुढचं पान चिमटीत धरायची, बोटांनी चोळून बघायची, मगच उलटायची. असं बराच वेळ चाललं. एका पानाशी तिची बोटं थांबली. तिने नखाने कड हळूच उकलली.

"हे बघा," ती म्हणाली. "इथंबी दोन हायत."

अंबिकाबाईंनी पदराने डोळे पुसले अन् आजवर कुणी न ऐकलेलं ते पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.