सोनेरी पंच

टूलरूममध्ये सगळे त्यांना भट्टीमामा म्हणत. एकतीस वर्षं पोलादाला पाणी देता देता त्यांच्या भुवया करपल्या होत्या, आणि जिभेचंही तेच झालं होतं. पण खोक्यात त्यांच्या सहीचा कठीणपणाचा दाखला असला, की गिऱ्हाईक पत्र्याला भोकं पाडणारे ते पोलादी पंच न तपासता प्रेसवर चढवी.

त्या सकाळी मालकांच्या जावयाने कोटिंग होऊन आलेले चाळीस पंच टेबलावर मांडले. कसे झगझगीत, सोनेरी!

"काय रुबाब आहे, बघा मामा!"

"नटवलंय झकास. आत काय आहे, ते बघू."

महिन्यापूर्वी याच जावयाने हट्ट धरला होता: पाणी दिल्यावर पोलाद पुन्हा तापवायचं ते टेंपरिंग एकदाच करा, तेही मंद आचेवर, कागदावर कठीणपणाचा बासष्ट आकडा दिसला पाहिजे. कोटिंग चढवतानाची आच त्याच्या दुपटीहून जास्त. तिथे पोलाद मऊ पडणार, हे मामांना पुरतं ठाऊक होतं. आधी त्या आचेच्याही वर तीनदा टेंपरिंग हवं. पण कोण डोकं फोडून घेणार, म्हणून त्यांनी मान डोलावली होती. त्या डोलावलेल्या मानेची त्यांना आता किळस आली.

त्यांनी एक पंच तपासणीच्या मशीनवर ठेवला. हिऱ्याचं टोक रुतलं, आणि खळग्याभोवती सोनेरी पापुद्रा अंड्याच्या कवचासारखा तडकला. आकडा चोपन्न.

"कोटिंगच्या आधीचा आकडा लिहा की!" जावई म्हणाला. "खोटा थोडाच आहे? करा सही, गाडी उभी आहे."

"टवका उडून प्रेसवाल्याच्या डोळ्यात गेला, तर त्याला कुठला आकडा दाखवू?"

"तुम्ही फार ताणता बुवा!" म्हणत तो फोन घ्यायला बाहेर गेला.

मामांनी सगळे पंच ट्रेमध्ये भरले, भट्टीत सारले आणि आच पार वर नेली. जावई परतला तेव्हा फटीतून लाल उजेड येत होता.

"अहो, काय केलंत हे? कोटिंग जाळलंत?"

"जाळलं. आता पोलाद पुन्हा पहिल्यापासून घडवतो. दहा दिवस लागतील."

"सासऱ्यांना सांगतो!"

"सांगा. मी मान डोलावली होती, तेही सांगा."

मामांनी दाखल्यांचं पुस्तक ओढलं. चोपन्न लिहिलं, पुढे 'टेंपरिंग चुकलं, चूक भट्टीवाल्याची' असं लिहून सही केली. मग शाई वाळायचीही वाट न बघता, तोंड वाकडं करून पुस्तक मिटलं.