बर्फावर भरवसा नसलेला माणूस

उन्हाळ्यात आमच्या धनजमध्ये बर्फाला नाही म्हणणारा माणूस सापडायचा नाही. पण उभं आयुष्य बर्फाच्या डब्यासोबत काढून ज्याचा बर्फावर काडीचा भरवसा नव्हता असा माणूस साऱ्या तालुक्यात एकच, आणि तो माझ्या भिंतीपलीकडे राहायचा. नात्याचे नाहीत, पण माझ्या मालकांना दादा म्हणायचे, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते. सरकारी दवाखान्यात शिपाई होते. लेकरांच्या लशी निळ्या डब्यात घालून खेड्यापाड्यांत पोचवायच्या, हे त्यांचं काम. लस थंड पाहिजे हे सगळ्यांना कळतं, पण ती गोठली तरी वाया जाते हे कोणाला पटत नाही. म्हणून भाऊजी डब्यात लशीभोवती लावायचे पाण्याचे गोठलेले पॅक आधी बाहेर काढून ठेवत, त्यांना घाम फुटू देत, मग एकेक कानाशी नेऊन हलवत. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच पॅक डब्यात जायचा. नव्या नर्सबाईला वाटलं, हा माणूस बर्फाला काही विचारून राह्यला की काय. तिनं घाई केली, तर म्हणाले, "उनाचा धाक सगळ्यायलेच असते बाई, थंडीचा कोणालेच नसते."

रिटायर झाले तरी सवय सुटली नाही. कोणाच्या घरी गेले की पाण्याआधी फ्रिज. दार उघडून आत हात घालायचे आणि घरधनिणीला सांगायचे, "लई उघडझाक करता तुमी." घरच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर टांगलेला, सकाळ-संध्याकाळ आकडा बघून कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचा. दोन ते आठ डिग्री, एवढंच त्यांचं जग. त्यांची बायको होती तोवर म्हणायची, "माह्या तापाले कधी हात नाही लावला यानं, फ्रिजचा ताप रोज दोनदा पाह्यते." एका लग्नात नवरदेव मांडवाबाहेर उन्हात फोटो काढत उभा होता, त्याला दंडाला धरून सावलीत आणलं. "मानूसही खराब होते बापा," म्हणे.

मला साखरेचा आजार. इंसुलिन दोन्ही वेळा टोचावं लागतं. एकदा दोन दिवस सुईविना अंगावर काढले तर बेशुद्ध होऊन दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं. मुलगा पुण्याला, मी एकटी. तेव्हा माझी औषधाची शिशी कारंज्याहून आणायचं काम भाऊजींनी आपणहून घेतलं. कडी मोडून बाद झालेला एक निळा डबा साहेबाला विचारून घरी आणला होता, त्याला नाडा बांधून ते एस्टीनं जायचे. आणि मला शिकवून ठेवलं होतं, लाइन गेली तर शिशी वाटीत घालून माठाजवळ ठेवा, वरून ओलं फडकं, पण बर्फात घालू नका.

ऐकेन तर मी कसली. भाऊजी आठवडाभर मुलीकडे अकोल्याला गेले आणि इकडे डीपी जळाली, गावाची लाइनच गेली. वैशाख. मला वाटलं, माठाच्या गारव्यानं काय होणार? कुल्फीवाल्याकडून बर्फ घेतला, मिठाच्या रिकाम्या डब्यात भरला आणि नव्या कोऱ्या दोन शिश्या त्यात खोल रोवल्या, वर कुल्फीवाल्यासारखं मूठभर मीठही टाकलं. जुनी शिशी संपेपर्यंत तिकडे पाहिलंसुद्धा नाही. भाऊजी आले त्या दिवशी जुनीतली शेवटची सुई सकाळीच झाली होती. त्यांनी नवी शिशी उजेडात धरली, हळूच तळहातात घोळवली. आत पांढऱ्या गुठळ्या काचेला चिकटून बसलेल्या.

"वहिनी, हे गेलं."

"आता वितळलं ना ते. कायले फेकता?"

"वितळलेलं औषद दिसते औषदावानी. काम नाही करत."

"तुमी तर अकोल्याले जाऊन बसले."

"मी गेलो म्हनून माठही गेला होता काय?" एवढंच बोलले. शेजारून डबा घेतला आणि दुपारच्या गाडीनं निघाले.

येताना एस्टी अर्ध्या रस्त्यात बंद पडली. मागून ओळखीचा माणूस मोटरसायकलवर आला, बसा म्हणाला. भाऊजींनी विचारलं, डबा कुठं ठेवू? तो म्हणाला, टाकीवर. भाऊजींनी तापलेल्या टाकीला हात लावला आणि म्हणाले, "जाय तू." डोक्याचा दुपट्टा सोडला, हापशीवर भिजवून डब्यावर टाकला आणि उघड्या डोक्यानं पाच किलोमीटर चालत आले. दिवस कलताना दारात उभे, चेहरा विटेसारखा लाल. "आतलं बरोबर हाये," म्हणाले आणि ओट्यावरच आडवे झाले. माझी सुई वेळेवर झाली, त्यांना मात्र ऊन लागलं. कांद्याचा रस चोळला, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, डॉक्टर बोलावला. थर्मामीटर काढला तर एकशे तीन. डोळे मिटूनच विचारत होते, "किती?" मी सांगितलं. म्हणाले, "लई हाये." आणि मला हसताही येईना.

त्यातून ते उठले, पण पहिल्यासारखे नाही. मुलगी त्यांना अकोल्याला घेऊन गेली. जाताना डबा माझ्या ओट्यावर ठेवला, नाडा नवा बांधून.

आता कारंज्याला मीच जाते. निघायच्या सकाळी पॅक बाहेर काढते, घाम येऊ देते आणि भाऊजींना फोन लावते. त्यांना कमी ऐकू येतं, मुलगी सांगते, टीव्हीचा आवाजही पोचत नाही. तरी मी फोन पॅकला लावून हलवते. हलवून झाला की फोन परत कानाला लावते.

मग म्हणतात, "हं. भरा आता."