भाचीचं लग्न आणि गाडीचं ॲव्हरेज

भाचीच्या लग्नात मामा म्हणून मी तिच्या मागे उभा राहू शकलो नाही, कारण बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी वाट अडवली होती, असं सगळे पाहुणे आजही समजतात. तसं मीच सांगितलं होतं आणि ते खोटं आहे.

निवृत्तीनंतर मी हायब्रिड गाडी घेतली आणि ॲव्हरेजच्या नादाला लागलो. टायरमध्ये हवा जास्त भरली, वजन नको म्हणून स्टेपनी घरी ठेवली. लग्नाच्या दिवशी तर आहेराची भांडीसुद्धा उतरवली. गाडी बॅटरीवरच चालावी म्हणून वेग तीसच्या पुढे जाऊ दिला नाही. शेवटी दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला.

“आवो, ऊस आपल्या आधी पोचंल,” बायको म्हणाली.

“पोचू दे. त्याला ॲव्हरेज किती पडतं, ते इचार की.”

कार्यालयापाशी आलो तेव्हा मंगलाष्टकं ऐकू येत होती. बायको पळतच आत गेली. मी मात्र स्क्रीनवरच्या आकड्याचा फोटो काढत बसलो. इतकं ॲव्हरेज पूर्वी कधी पडलं नव्हतं. आत गेलो तर अक्षता पडून गेल्या होत्या आणि भाचीच्या मागे शेजारचे तात्या उभे होते.

“दादा, कुठं व्हतास?” बहिणीनं विचारलं. तिचे डोळे भरले होते.

“ट्रॉल्या गं, रस्ताभर.”

ती लगेच पाहुण्यांकडे वळली. “बगा, मी म्हनलं न्हवतं? माजा भाऊ मुद्दाम उशीर करनारा न्हाय.”

मी मान डोलावली आणि पहिल्या पंगतीला जाऊन बसलो.