पाटलांना बदलायचं का?

त्या दुष्काळी उन्हाळ्यात आमच्या सोसायटीचं पाणी कॉम्प्युटरच्या पोटात गेलं. नेऊन सोडणारा मीच.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. म्हणूनच सेक्रेटरी झालो. (नको म्हणायलाही तोंड उघडावं लागतं!) चिकलठाण्याकडे तेव्हा शहर असं धावत सुटलं होतं, की नळ मागेच राहिले. इमारती आल्या, बाल्कन्या आल्या, पाणी मात्र टँकरनं यायचं. जो पुढे त्याची पिंपं भरायची, मागचे कोरडे. तेव्हा मी नियम काढला: चिठ्ठी दाखवल्याशिवाय पिंपात नळी पडणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच खेपेला माझ्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या घरांपेक्षा जास्त निघाल्या! मग दुसरा नियम: चिठ्ठी छापीलच हवी. त्यासाठी मी नवा प्रिंटर आणला, स्वतः जोडला आणि कोणाला त्याच्या जवळ फिरकू दिलं नाही.

सकाळी टँकर फाटकात उभा राहिला. ड्रायव्हर गफूरभाई खालून ओरडला, "साब, चिट्ठी भेजो! मेरेकू आगे भी जाना है!"

"आलोच!" म्हणत मी छापायचं बटण दाबलं.

प्रिंटर ढिम्म. पडद्यावर मात्र एक चौकट आली आणि नाव विचारू लागली. मी खूश! काय शिस्तीचं यंत्र! कोणाची चिठ्ठी छापायची ते आधी विचारून घेतं! चौकटीत ‘फाईल’ असाही शब्द होता. पण ज्याची हयात कचेरीत गेली, त्याला त्या शब्दाचं भय वाटत नाही. उलट घरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं. मी ‘देशमुख’ लिहिलं. चौकट गेली. कागद आला नाही.

"अहो, निघाली का चिठ्ठी?" बायकोनं, सुनंदानं, स्वयंपाकघरातून विचारलं.

"नोंद झाली. सगळ्यांची झाली की एकदम निघतील."

हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही! पण आवाज असा ठाम निघाला की माझाही विश्वास बसला. त्याच भरात मी खिडकीतून पुकारा केला, "सगळ्यांनी वर या! कॉम्प्युटरमध्ये नावं घालून घ्या!"

अख्खी सोसायटी माझ्या दिवाणखान्यात.

"साहेब, आमचं जरा मोठ्या अक्षरात टाका. घरात माणसं लई आहेत."

"कन्नडहून पाहुणे आलेत, त्यांचंही घालता का?"

"कॉम्प्युटरला विचारून सांगतो," मी म्हणालो. (मी! विचारून सांगणार होतो!)

खालून हॉर्न. "साब, पानी होना के नक्को?"

"आलोच!"

आता पाळी पाटलांची. आमच्याकडे पाटील दोन: एक तळमजल्यावर, एक बरोबर त्यांच्या डोक्यावर. वरच्यांच्या कूलरचं पाणी खालच्यांच्या पापडांवर ठिबकल्यापासून बोलणं बंद. खालच्यांचं नाव घालून झालं होतं. मी वरच्यांसाठी ‘पाटील’ लिहिलं आणि यंत्रानं नवाच प्रश्न टाकला. मी भाबडेपणानं तो मोठ्यानं वाचला, "पाटील आधीच आहेत म्हणतंय. त्यांना बदलायचं का?"

"बदला!" वरचे पाटील गरजले. "व्हय, बदला! आम्ही कधीचं तेच म्हणतोय!"

"कोण बदलतंय तेच बघतो!" खालचे पाटील उसळले. "सेक्रेटरी, बटणाला हात लावायचा नाय! मी मेलोय काय?"

"मी कुठं म्हणतोय? कॉम्प्युटर विचारतोय!"

"मग सांगा त्याला, पाटील जिवंत हायेत!"

घाबरून माझं बोट ‘होय’वर पडलं आणि खालचे पाटील बदलले गेले. त्यांना परत घातलं तर वरचे गेले! शेवटी सुनंदा वैतागली, "अहो, एकाला पाटील लिहा, दुसऱ्याला ‘दुसरे पाटील’!"

"दुसरा कोण?" दोघांनी एकदम विचारलं.

हाणामारीच व्हायची, पण समोरच्या फ्लॅटमधल्या शेखभाभी पुढे आल्या. त्या शाळेत शिकवायच्या, गोंधळाची सवय होती. "भाऊ, जरा सरका. अहो, वर प्रिंटरच्या जागी हे काय निवडलंय? हा तुमचा प्रिंटरच नाही! हा छापत नाही, नुसती फाईल करून आत ठेवतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण सगळे आत आहोत. अल्ला खैर करे!"

त्यांनी आतलं दाखवलं. देशमुख, शेख, जोशी, सगळे शिस्तीत बसलेले. पाटील एकच.

भाभींनी यादीतून माझ्या प्रिंटरचं नाव निवडलं, बटण दाबलं आणि... घर्रर्र! तो आवाज! माझ्या अंगावर काटा आला. कागद बाहेर येताना लोकांनी असा जल्लोष केला, की जणू जायकवाडीच भरलं! सुनंदानं कात्रीनं चिठ्ठ्या सपासप कापल्या. मी त्या हातात उंचावून जिना उतरलो, मागे अख्खी वरात.

खाली पिंपं ओळीनं उभी होती. टँकर नव्हता.

"गेला की," वॉचमन म्हणाला. "म्हणला, इथं माणूसच नाय, निस्ती पिंपं हायेत. पल्याडच्या बिल्डिंगीत रिकामा करतोय."

"अरे, मग थांबवायचं नाही का?"

"थांबवत होतो. त्यानं चिठ्ठी मागितली."

संध्याकाळी गच्चीवर सभा बसली. सगळा दोष व्होल्टेजवर ढकलायचा, असं ठरवूनच मी गेलो होतो. पण समोर देशमुखांच्या सूनबाई कडेवर पोर घेऊन बसलेल्या, त्याला सकाळपासून अंघोळ नाही. माझी नजर काही वर होईना. आणि मी, जन्माचा मुखदुर्बळ, घडाघडा बोलून गेलो, "व्होल्टेज ठीक होतं. प्रिंटर ठीक होता. मला काही येत नव्हतं, आणि ते सांगायची लाज वाटली."

मला वाटलं, आता कोणी तरी पाठीवर हात ठेवणार. तेवढ्यात मला पदावरून काढण्याचा ठराव खालच्या पाटलांनी मांडला. वरच्या पाटलांनी अनुमोदन दिलं. शिवाय खालच्यांना "बसा, पाटील" म्हणत जागाही करून दिली!

ठराव छापून फाटकावर लावायचं ठरलं. सोसायटीत प्रिंटर एकच. मी घरी येऊन यादीतून बरोब्बर तोच निवडला, देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. पहिल्या फटक्यात कागद आला! काळाभोर, ठसठशीत, एक मात्रा इकडची तिकडे नाही! मला इतका आनंद झाला, की मी आणखी एक प्रत काढली आणि फाटकाच्या दोन्ही दारांवर स्वतःच चिकटवून आलो.