दोइनाच्या आईची वरची वाडी

रोज तीच तीच माणसं चहाला बसली की किस्से साठतातच. इथे आखातात, फरवानियातल्या आमच्या क्लिनिकच्या पँट्रीत मात्र साठले ते घाबरण्याचे. आम्ही तिघं. मी रिसेप्शनवर, मूळची देवरुखची. मुनाफभाई ड्रायव्हर, रत्नागिरीच्या खाडीकाठचे. आणि दोइना, रोमानियाची फिजिओथेरपिस्ट, हिंदी-इंग्लिशची खिचडी बोलणारी. तिघांच्याही आया गावी एकट्या. एकाचा फोन वाजला तरी तिघंही आधी स्क्रीनकडे बघतो.

*

दोइना नवीन होती तेव्हा मी सहज विचारलं, "तुझं गाव केवढं आहे?"

तिनं एक्स-रेच्या पाकिटामागे नकाशा काढला. मधून नदी, नदीच्या कडेनं एकच रस्ता, दोन्हीकडे डोंगर. रस्त्याला लागून चार छोटी गावं, आणि चारही गावांचं मिळून एक ऑफिस सगळ्यात खालच्या गावात.

"म्हणजे पंचायत एक, वाड्या चार," मुनाफभाई म्हणाले.

रस्ता संपतो तिथली वरची वाडी तिच्या आईची. तिथं राहतं कोण कोण, ते तिनं बोटांवर मोजलं. एक हात पुरला. बाकीचे इटलीत, स्पेनमध्ये. घरांना कुलपं.

"यातले दोघं या हिवाळ्यात जातील," ती म्हणाली.

"तेही इटलीला?"

तिनं नकाशावर चर्चच्या मागे काढलेल्या छोट्या छोट्या क्रॉसांवर बोट ठेवलं.

*

तिकडे प्लम पिकले की अस्वलं खाली उतरतात. एकदा भर दुपारी आईचा फोन आला, आवाज एकदम दबका. दोइना पेशंटला सोडून कॉरिडॉरमध्ये आली. नंतर तिनं आम्हाला सगळं सांगितलं.

"अस्वल आलंय," आई म्हणाली.

"आधी दाराला कडी लाव."

"लावली."

"मग हळू का बोलतेस?"

"बाहेरून लावली. ते आत आहे."

फॉरेस्टची माणसं पोचेपर्यंत अस्वल मागची खिडकी फोडून निघून गेलं होतं. आईला ओरखडाही नाही. दोइनाच्या उरलेल्या अपॉइंटमेंट्स मात्र मी दुसऱ्या दिवसावर ढकलल्या.

*

एकदा शेजारच्या वासिलेच्या बंद घरात आईला खुडबुड ऐकू आली. हातात गवत उचलायचा लांब दांड्याचा काटा घेऊन ती दारात उभी राहिली. आतून दार आधी उलट्या बाजूला ओढून बघत एक उंच पोरगा बाहेर आला आणि अडखळत म्हणाला, "मी वासिलेचा मुलगा."

"वासिलेच्या मुलाला हे दार कुठल्या बाजूला उघडतं ते माहीत असतं," आई म्हणाली, आणि काटा तसाच रोखून धरला. बापाला इटलीत फोन लावून खात्री करेपर्यंत तिनं त्याला हलू दिलं नाही. खरंच मुलगा होता. जन्म तिकडचा, घर पहिल्यांदाच बघत होता.

मुनाफभाई खूप हसले. मला हसू येईना. माझी लेक इथेच, एगैलाच्या फ्लॅटमध्ये वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. देवरुखच्या घराचं दार कुठे उघडतं, हे त्या संध्याकाळी मी तिला विचारणार होते. धीर झाला नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात, वाडीत आई एकटीच उरलेली असताना, तिकडे तीन दिवस पाऊस कोसळला आणि नदीनं वरच्या वाडीचा पूल नेला. आईचा फोन बंद. दोइना पँट्रीत बसून एकेक नंबर लावत होती. शेजारी, चुलतभाऊ, शाळेतल्या मैत्रिणी. माणसं सगळी त्याच खोऱ्यातली, आणि फोन वाजत होते इटलीत, स्पेनमध्ये. जो तो उलट तिलाच विचारायचा, "तिकडे काय झालंय?"

"पंचायतीत लाव," मुनाफभाई म्हणाले.

खूप वेळानं खालच्या गावातल्या क्लार्कबाईंनी फोन उचलला. दोइनानं स्पीकर लावला आणि ऐकता ऐकता आम्हाला सांगत गेली.

"हेलिकॉप्टर एकच आहे," बाई म्हणाल्या, "पण पहिलं तुमच्याच वाडीत पाठवलं. तिथं गर्दी आहे ना."

"गर्दी? कसली?"

"झाडून सगळ्या घरांच्या धुरांड्यांतून धूर येतोय, इथून दिसतोय. कोण कोण परत आलंय?"

दोइना पांढरीफटक पडली. "कोणीच नाही," ती म्हणाली. मुनाफभाईंनी हातातला कप खाली ठेवला.

संध्याकाळी खालच्या गावातल्या शाळेतून आईचा फोन आला.

"आई, घरं पेटली होती का?"

"नाही गं. सगळ्यांच्या चाव्या माझ्याकडेच असतात. चुली मीच पेटवल्या."

"सगळ्या? कशाला?"

"एकाच घरातून धूर दिसला असता तर म्हणाले असते, एक म्हातारी आहे, उद्या बघू."